शपथेची कार्डे



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपवली, तेव्हा हा कामगार संघटनेतला माणूस कंत्राटी पद्धतीवर, नाही तर नव्या कामगार संहितांवर बोलेल, असे त्यांनी धरून चालले असावे. तसे बोलणे मला सोपेही गेले असते. परंतु माझे शिक्षण ग्रंथालयाच्या कपाटातून हाती लागेल ते वाचून झालेले. त्यामुळे ज्या वेळी जे डोक्यात घोळत असते तेच तोंडावाटे बाहेर पडते. गेली दोन वर्षे माझ्या डोक्यात अमेरिकेतील एक दृश्य घोळते आहे.

१९९४ च्या जुलै महिन्यात वॉशिंग्टन शहराच्या मध्यावर जी लांबरुंद हिरवळ आहे, तिच्यावर दोन लाखांहून अधिक लहान कार्डे ओळीने रोवून ठेवण्यात आली होती. प्रत्येक कार्डावर एका कुमारवयीन मुलाची किंवा मुलीची सही होती. विवाह होईपर्यंत आपण शरीरसंबंध ठेवणार नाही, अशी ती शपथ होती. चळवळीचे नाव 'ट्रू लव्ह वेट्स', म्हणजे खरे प्रेम वाट पाहते.

माझी तीस वर्षे सह्यांच्या पाठीमागे धावण्यात गेली. कोऱ्या कागदावर घेतलेली सही, नोकरीला लावतानाच लिहून घेतलेला राजीनामा, इंग्रजीत टंकलिखित केलेल्या कराराखाली उठवलेला अंगठा, हे सर्व मी पाहिले आहे. म्हणून कोठेही सही दिसली की ती कोणी, कोणत्या वयात, कोणाच्या देखत केली, आणि समोरच्या पक्षाने तिच्या बदल्यात काय लिहून दिले, हे पाहण्याची मला खोड जडली आहे. ही दोन लाख कार्डे त्याच नजरेने वाचावयाची आहेत. परंतु त्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागेल, कारण शुद्धतेची शपथ ही काही १९९० च्या दशकातील कल्पना नव्हे, आणि ती प्रथम ज्यांनी घेतली ती मुले नव्हती.

इंग्लंडमध्ये १८६४, १८६६ आणि १८६९ साली सांसर्गिक रोगांचे कायदे झाले. लष्करी ठाण्यांच्या व बंदरांच्या गावी पोलिसांना जिचा संशय येईल त्या स्त्रीची सक्तीने वैद्यकीय तपासणी करावी, रोग आढळल्यास तिला इस्पितळात कोंडावे, असा त्यांचा आशय. शिपायाची तपासणी मात्र नाही. हाच कायदा १८६८ साली हिंदुस्थानात आला आणि मुंबईतही त्याची अंमलबजावणी झाली. या कायद्यांविरुद्ध जोसेफाइन बटलर ही बाई उभी राहिली. ती श्रद्धाळू ख्रिस्ती होती, एका धर्मोपदेशकाची पत्नी होती, आणि सभ्य घरातील स्त्रीने ज्या गोष्टीचा उच्चारही करू नये ती गोष्ट ती भर सभेत बोलत होती. तिचे म्हणणे थोडक्यात असे की, पापाची शिक्षा गरीब बाईला आणि सवलत पुरुषाला, हा न्याय ख्रिस्ताचा नव्हे. इंग्लंडमधील कायदे १८८६ साली रद्द झाले, येथील १८८८ साली.

याच वातावरणात १८८३ साली एलिस हॉपकिन्स या बाईंनी डरहॅमच्या बिशपांच्या साहाय्याने 'व्हाइट क्रॉस' नावाची संस्था काढली. तिचा आरंभ बिशप ऑकलंड या गावी झाला. हा सगळा मुलूख कोळशाच्या खाणींचा. शपथ घेणारे पुरुष होते, आणि त्यांत खाणकामगार होते! प्रत्येक स्त्रीशी आदराने वागेन व तिची अप्रतिष्ठा होऊ देणार नाही, अचकटविचकट बोलण्याला आळा घालीन, शुद्धतेचा नियम पुरुषांना व स्त्रियांना सारखाच लागू आहे असे मानीन, अशी त्या शपथेची कलमे होती. मी हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. आमच्या संघटनेच्या सभासदांनी अशी शपथ घ्यावी असे म्हणण्याचे धैर्य मला एकाही सर्वसाधारण सभेत झालेले नाही.

अमेरिकेत हे काम दारूबंदीवाल्या ख्रिस्ती स्त्रियांच्या संघाने उचलले. त्या वेळी तेथील पुष्कळ राज्यांत मुलीचे संमतिवय दहा किंवा बारा होते, डेलावेअर राज्यात तर ते सात होते. ते वाढवून घेण्यासाठी या स्त्रियांनी रान उठवले. येथे आपल्याकडे १८९१ साली संमतिवय दहावरून बारावर नेताना काय गदारोळ झाला, तो आपणांस ठाऊक आहेच. योगायोग असा की त्याच १८९१-९२ च्या हिवाळ्यात या संघाच्या दोन अमेरिकन बाया हिंदुस्थानात येऊन छावण्याछावण्यांतून हिंडत होत्या. एलिझाबेथ अँड्र्यू आणि कॅथरीन बुशनेल ही त्यांची नावे. कायदा रद्द झाला तरी रावळपिंडी, पेशावर, अंबाला, मीरत, लखनौ येथे गोऱ्या पलटणींसाठी बायका ठेवण्याची व त्यांच्या तपासणीची पद्धत गुपचूप चालूच होती. या दोघी त्या बायकांच्या कोठड्यांत गेल्या, त्यांच्याजवळ बसल्या, त्यांचे म्हणणे टिपून घेतले, आणि १८९३ साली लंडनला चौकशी समितीपुढे साक्ष दिली. माजी सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांनी आधी आरोप नाकारले होते. त्यांना दिलगिरी व्यक्त करणे भाग पडले.

बुशनेल ही पेशाने डॉक्टर, चीनमध्ये मिशनचे काम केलेली, कडवी इव्हँजेलिकल. इव्हँजेलिकल म्हणजे वैयक्तिक मनपरिवर्तन, बायबलाचे अंतिम प्रामाण्य आणि सुवार्तेचा प्रसार या गोष्टींना सर्वस्व मानणारे प्रॉटेस्टंट. हे सारे पाहून तिला प्रश्न पडला की स्त्रियांची अशी विटंबना प्रतिष्ठित ख्रिस्ती पुरुषांकडून होते तरी कशी? तिने ग्रीक व हिब्रू मुळांशी झुंज घेतली आणि निष्कर्ष काढला की भाषांतर करणाऱ्या पुरुषांनी स्त्रीविषयीची वचने वाकवली आहेत. तिने धर्म सोडला नाही. तिचा रोख धर्माच्या दुभाष्यांवर होता. १९४६ साली ती वारली, तोवर तिला बहुतेक सगळे विसरून गेले होते.

मग हीच शुद्धता पुरुषांच्या बराकीवरून उतरून शाळकरी मुलीच्या अंगावर कशी येऊन पडली? एक कारण असे की या चळवळीला पहिल्यापासून दुसरा एक ओघ मिळालेला होता. १८७३ साली अँथनी कॉमस्टॉक या गृहस्थाने अमेरिकन काँग्रेसकडून कायदा करून घेतला आणि अश्लील वाङ्मयाबरोबर संततिनियमनाची साधनेही टपालातून बंद केली. हा ओघ पोलिसांचा, झडतीचा. १९१० साली 'गोऱ्या गुलामगिरी'विरुद्धचा कायदा झाला. त्याखाली १९१३ साली शिक्षा झाली जॅक जॉन्सन या निग्रो मुष्टियोद्ध्याला, आणि अपराध एवढाच की त्याची मैत्रीण गोरी होती. मरणोत्तर क्षमा मिळायला २०१८ साल उजाडले. शुद्ध कोण, याचे उत्तर त्या देशात कातडीच्या रंगापासून कधी सुटे नव्हते. साउथर्न बॅप्टिस्ट हा जो तेथील सर्वांत मोठा प्रॉटेस्टंट संघ, तो १८४५ साली निराळा झाला तोच गुलामगिरीच्या प्रश्नावर.

पुढे दुसरे महायुद्ध झाले, शीतयुद्ध आले, आणि देश बुडणार तो तरुणांच्या अनाचाराने, असे व्यासपीठावरून सांगितले जाऊ लागले. १९६० मध्ये संततिनियमनाच्या गोळीला परवानगी मिळाली, १९७३ मध्ये गर्भपाताचा निकाल लागला, १९८१ मध्ये एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले. घाबरलेल्या आईबापांना काहीतरी हातात हवे होते. त्यांच्या भीतीची थट्टा करणारा मी नव्हे, मलाही मुली आहेत.

ते हातात आले १९९३ साली. नॅशव्हिलजवळच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये रिचर्ड रॉस या युवक-उपदेशकाच्या पुढाकाराने पन्नाससाठ मुलांनी पहिल्या सह्या केल्या, आणि साउथर्न बॅप्टिस्टांच्या प्रकाशन मंडळाने ते काम देशभर नेले. कार्डावरचे वचन सहा जणांना दिलेले असे: देवाला, स्वतःला, कुटुंबाला, मित्रांना, भावी जोडीदाराला आणि अद्याप जन्मास न आलेल्या मुलांना. सही करणारी एक आणि देणेकरी सहा ठिकाणची! समोरच्या पक्षाने काय लिहून दिले, ते मी शोधले. उपदेशक मुलीच्या अंगाला हात लावणार नाही, काही विपरीत घडले तर चर्च तिच्या बाजूने उभे राहील, वचन मोडले तरी तिची किंमत कमी होणार नाही, असे एकही कलम त्या कार्डावर नाही. करार एकतर्फी, मुदत अनिश्चित, आणि सही करणारी अज्ञान. कोणत्याही औद्योगिक न्यायालयात असला कागद पाच मिनिटे टिकला नसता.

कार्डांच्या मागून अंगठ्या आल्या. 'सिल्व्हर रिंग थिंग' ही संस्था १९९५ साली ॲरिझोनात निघाली. गाणीबजावणी, दिव्यांचा झगमगाट, आणि शेवटी चांदीची अंगठी. १९९८ पासून कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे मेजवान्या होऊ लागल्या, त्यांत बाप सूट घालून आणि मुलगी पांढरा झगा घालून येई, आणि मुलीच्या पावित्र्याचा मी राखणदार, अशी सही बाप करी. १९९७ साली जोशुआ हॅरिस या बावीस वर्षांच्या तरुणाने विवाहपूर्व प्रेमभेटींना रामराम ठोकावा अशा अर्थाचे पुस्तक लिहिले. त्याच्या दहा लाखांच्या वर प्रती खपल्या. बावीस वर्षांचा तो मुलगा लाखो घरांत गुरू होऊन बसला.

सह्या मुलग्यांनीही केल्या, हे खरे. परंतु शिकवण दोघांना निरनिराळी मिळे. मुलग्याला सांगत, तुझे मन दुबळे आहे, सांभाळ. मुलीला सांगत, त्याचे मन दुबळे आहे, म्हणून तू सांभाळ. तिचा पोशाख, तिची चाल, तिचे हसणे हे भावाच्या वाटेतली अडखळण. युवक-मेळाव्यात वस्तू दाखवून धडे देत. एक गुलाब हातोहात फिरवायचा, प्रत्येकाने पाकळी तोडायची, आणि शेवटी देठ वर धरून विचारायचे, हा आता कोणाला हवा? कोठे चिकटपट्टी चारचौघांच्या हाताला लावून काढून दाखवीत की आता ती चिकटत नाही. कोठे चघळलेले च्युइंग गम. आपल्याकडे अब्रू म्हणजे काचेचे भांडे, असे म्हणतात; तेव्हा अमेरिकनांना नावे ठेवण्यापूर्वी आपण आपल्या फडताळाकडे एकदा पाहिलेले बरे.

त्या च्युइंग गमचे काय होते, ते एलिझाबेथ स्मार्ट हिने सांगितले आहे. ती मॉर्मन पंथाची, इव्हँजेलिकल नव्हे. परंतु धडा तोच. जून २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत चौदा वर्षांच्या या मुलीला घरातून पळवून नेऊन नऊ महिने डांबून ठेवले, तिच्यावर रोज अत्याचार झाला. पळण्याचा प्रयत्न का केला नाहीस, असे लोक विचारीत. २०१३ साली बाल्टिमोर येथील सभेत तिने सांगितले की शाळेत शिकवलेला तो चघळलेल्या गमचा धडा तिला तेव्हा आठवला. चघळलेले कोण परत घेतो? आपली आता काही किंमत उरली नाही, असे वाटले की मुलगी पळत का नाही, ते कळते. बाहेरचे कुलूप त्या नराधमाने लावले होते. आतले मात्र सज्जन माणसांनी, सद्हेतूने, वर्गात बसवून लावलेले होते.

आता पैशाकडे वळतो. २२ ऑगस्ट १९९६ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी गरिबांच्या साहाय्याचा कायदा बदलला. निराधार मुलांच्या आयांना १९३५ पासून जी हमी होती ती काढून घेतली. आणि त्याच कायद्यात एक कलम घातले की, विवाहापर्यंत संयम एवढेच शिकवणाऱ्या वर्गांना दर वर्षी पाच कोटी डॉलर द्यावेत, राज्यांनी चार डॉलरमागे तीन आपल्या खिशातून घालावेत. गरीब बाईचे धान्य काढून घेतले आणि तिला शीलाचे व्याख्यान दिले. हे दोन्ही एकाच कायद्यात बसावे यात मला नवल वाटत नाही. ज्याला मजुरी वाढवायची नसते तो मजुराच्या चारित्र्यावर बोलतो. कॅलिफोर्नियाने हा पैसा सुरुवातीपासून नाकारला, २००९ पर्यंत निम्म्याच्या आसपास राज्यांनी नाकारला. सिल्व्हर रिंग संस्थेला सरकारी पैशातून धर्मप्रचार केल्याबद्दल २००५ साली न्यायालयात खेचले गेले, आणि पुढच्या वर्षी तडजोड होऊन तो पैसा थांबला.

आणि फळ काय? पीटर बेअरमन व हॅना ब्र्यूकनर यांनी हजारो मुलांची पाहणी केली. शपथेमुळे पहिला संबंध सरासरीने अठरा महिने लांबतो, असे २००१ साली त्यांना दिसले. पण शाळेत शपथ घेणारे थोडे असतील तरच. सगळ्यांनीच घेतली की परिणाम नाहीसा होतो. (बिल्ला सगळ्यांच्याच छातीवर असला की त्याचा रुबाब उरत नाही, हा आमचाही अनुभव आहे.) २००५ साली त्यांनी दाखवले की शपथ घेणाऱ्यांपैकी १०० तील ८८ जणांनी ती विवाहापूर्वी मोडली, गुप्तरोगांचे प्रमाण इतरांइतकेच राहिले, आणि शपथ मोडताना काळजी घेण्याचे प्रमाण मात्र कमी, कारण साधन जवळ बाळगणे म्हणजे पाप ठरवून करणे! जेनेट रोझेनबॉम यांनी सारख्या पार्श्वभूमीच्या मुलांची तुलना केली, तेव्हा पाच वर्षांनंतर दोन्ही गटांच्या वर्तनात फरक आढळला नाही. आणि शपथ घेणाऱ्यांपैकी १०० तील ८२ जणांनी सांगितले, की आम्ही अशी शपथ घेतलीच नव्हती.

या ८२ च्या आकड्यावर मी थांबलो. सही केली नाही असे माणूस केव्हा म्हणतो? मी चुकलो, असे म्हणणाऱ्याला प्रायश्चित्त घेता येते, भरपाई करता येते. मीच वाईट, असे ज्याला वाटते त्याने काय करावे? तो लपतो. अपराधाची भावना कृत्याला चिकटते, लाज देहाला चिकटते. लिंडा के क्लाइन हिने आपल्या 'प्युअर' या २०१८ सालच्या पुस्तकात लिहिले आहे की, संबंध आलेला नसतानाही गर्भ राहिला की काय या भीतीने ती पुन्हा पुन्हा तपासणी करून पाही. तिच्यासारख्या बायकांचे लग्न होई, शपथ शब्दशः पाळलेली असे, तरी लग्नाच्या रात्री देह भीतीने आखडून जाई. कारण वीस वर्षे ज्याला वाईट म्हटले ते एका दिवसात चांगले व्हावे, असे सांगून शरीर ऐकत नाही.

लाजेचा दुसरा शेवट १६ मार्च २०२१ रोजी जॉर्जिया राज्यात अटलांटा शहरी व जवळपास दिसला. एकवीस वर्षांच्या एका तरुणाने मालिशगृहांत शिरून आठ माणसे गोळ्या घालून मारली. त्यांतील सहा आशियाई वंशाच्या स्त्रिया होत्या. तो साउथर्न बॅप्टिस्ट चर्चचा सभासद. आपल्याला वासनेचे व्यसन आहे आणि मोहाची ठिकाणे नष्ट करायची होती, असे त्याने पोलिसांना सांगितले. त्या चर्चने हत्येचा धिक्कार केला आणि त्याला काढून टाकले. असल्या कृत्याला एकच कारण नसते, वंशद्वेषाचा प्रश्न तेथे आहेच. पण अडखळण बाईच्या अंगात असते ही शिकवण त्याला कोठून मिळाली, तेही विचारले पाहिजे. मेलेल्यांत बहुतेक जणी तेथे पोटासाठी कामाला होत्या.

येथे माझ्या स्वतःच्या कामातली एक गोष्ट सांगतो. एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात बायका होत्या. सुटीच्या वेळी दारावर त्यांची झडती होई, आणि ती कशी होई ते मी या व्यासपीठावरून सांगत नाही. तीन वर्षे हे चालले. आम्ही दारासभा घेतल्या, पत्रके वाटली. एका बाईने तोंडातून शब्द काढला नाही. प्रत्येकीला वाटे, हे आपल्याच वाट्याला आले, आपल्याच वागण्यात काही खोट असेल. पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीच्या घरी बाराजणी जमल्या. चहा पिता पिता एक वयस्क बाई सहज बोलून गेली. दुसरी म्हणाली, तुमचीसुद्धा? आमच्या संघटनेतील ताई तेथे होत्या, त्यांनी मला सांगितले की मग दिवेलागण झाली तरी कोणी उठेना. तिसऱ्या दिवशी बाराही सह्यांचा अर्ज माझ्या टेबलावर आला. बाराजणींना कळले की खोट दारात आहे. मी त्यात काहीही केलेले नाही.

क्लाइन हिने केले ते याहून निराळे नव्हे. एकविसाव्या वर्षी तिने चर्च सोडले. पुढे आपल्या जुन्या युवक-मंडळातील मैत्रिणींना शोधून तिने विचारले, तुझेही असेच झाले का? मग गाठीभेटी वाढत गेल्या, बारा वर्षे ती बायकांची बोलणी टिपत राहिली. छावणीतल्या कोठडीत जाऊन बसणाऱ्या त्या दोन अमेरिकन बायांची मला येथे आठवण होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये चर्चमधील अत्याचारांविषयी स्त्रिया नावानिशी जाहीर बोलू लागल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये टेक्सासमधील दोन वृत्तपत्रांनी छापले की वीस वर्षांत साउथर्न बॅप्टिस्ट चर्चेसमधील सुमारे ३८० उपदेशक व सेवकांवर आरोप झाले, बळी ७०० च्या वर. मे २०२२ मध्ये बाहेरच्या चौकशी संस्थेचा अहवाल आला; संघाच्या कार्यालयात आरोपींची शेकडो नावांची यादी वर्षानुवर्षे तयार होत होती आणि ती दाबून ठेवली होती, असे त्यात निघाले. मुलांच्या सह्या वॉशिंग्टनच्या हिरवळीवर मांडल्या, आणि थोरांची यादी कपाटात!

जोशुआ हॅरिस याने २०१८ साली आपल्या पुस्तकाची जाहीर चूक कबूल केली आणि प्रकाशकाला छपाई बंद करावयास लावली. पुढच्या वर्षी त्याने आपण ख्रिस्ती राहिलो नसल्याचे जाहीर केले. काहींना हा पश्चात्ताप पुरेसा वाटला, पुष्कळांना नाही. ज्यांचे तारुण्य त्या पुस्तकाखाली गेले त्यांना छपाई थांबल्याने काय परत मिळणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

बरे होणे सगळ्यांना एका वाटेने लाभलेले नाही. मार्लीन विनेल या मानसशास्त्रज्ञ बाईने धर्मसंस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी १९९३ सालीच पुस्तक लिहिले होते, म्हणजे जेव्हा पहिली कार्डे छापली जात होती त्याच वर्षी. धर्मामुळे झालेल्या या मानसिक जखमेला तिने २०११ साली एक नावही दिले. वैद्यांच्या अधिकृत यादीत ते नाव नाही. तरी आपल्या दुखण्याला नाव आहे एवढे कळल्यानेच कित्येकींना रडू आले असेल, असे मला वाटते. काही जणींनी श्रद्धा पार सोडली. काही चर्च बदलून श्रद्धेत राहिल्या. आणि २०१५ साली क्रिस्टिन डु मेझ या इतिहासकार बाईंनी विसरलेल्या कॅथरीन बुशनेलचे चरित्र लिहून तिला पुन्हा लोकांसमोर आणले.

नाडिया बोल्झ-वेबर ही लूथरन पंथाची धर्मोपदेशिका. तिने २०१८ च्या अखेरीस स्त्रियांना आवाहन केले की पावित्र्याच्या त्या जुन्या अंगठ्या माझ्याकडे पाठवा. अंगठ्या आल्या. त्या वितळवून तिने स्त्रीदेहाचे एक शिल्प करवले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ग्लोरिया स्टायनेम यांना अर्पण केले. अंगठी पाठवणाऱ्या प्रत्येकीला 'अशुद्धतेचे प्रमाणपत्र' मिळेल, असेही तिने जाहीर केले होते. हा थट्टेचा भाग मला फारसा रुचला नाही. एक कार्ड गेले आणि दुसरे आले, असे वाटले. घरी मुलीला बोलून दाखवले, तर ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला कोणी कधी अंगठी घालायला लावली होती का?" मी गप्प बसलो.